व्यत्यय

इतिहासाचे तीन कालखंड असतात असं आम्हांला शाळेत शिकवलं: प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन. आमच्या गिरगावातल्या चाळीच्या इतिहासाचेही तीनच कालखंड आहेत. कुणाकडेच टी.व्ही. नव्हता तो प्राचीन काळ, एकाकडेच होता ते मध्ययुग, आणि सगळ्यांकडे आला तो अर्वाचीन. यांपैकी मधला काळ सर्वांत तोकडा आणि सर्वांत वैभवाचा. मध्ययुगाला कुणी सुवर्णयुग म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही, पण मी म्हणतो. कारण त्या युगात भिंतीकडून तिसरी, पुढून दुसरी अशी माझी स्वतःची, कुणीही न बळकावलेली जागा होती. पुढे मी कर्ज काढून ब्लॉक घेतला, पण मालकीहक्काची तशी भावना पुन्हा काही आली नाही.

परवा माझ्या पुतणीनं विचारलं, "काका, तुम्ही लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत काय बघायचात?"

मी म्हटलं, "लागेल ते."

तिला वाटलं, मी थट्टा करतोय. तिच्या हातातल्या फोनवर जगातले सगळे सिनेमे आहेत. त्यांतला कुठला बघायचा हे ठरवण्यात तिचा पाऊण तास जातो आणि मग तिला झोप येते. आम्हांला काही ठरवावंच लागत नसे. ठरवायचं ते सरकार ठरवी आणि आम्ही ते मांडी घालून, तोंड उघडं टाकून, शेवटच्या अक्षरापर्यंत बघत असू.

आता इतिहास म्हटला की सनावळ्या आल्याच; त्या एकदा उरकून घेऊ. आपल्या देशात टी.व्ही. आला तो १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत, आणि तोही 'प्रयोग' म्हणून. दिल्लीत आलेली गोष्ट मुंबईला पोचायला वेळ लागतो, तशी इथंही तेरा वर्षं लागली. २ ऑक्टोबर १९७२ ला, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, मुंबई केंद्र सुरू झालं. वर्षभरानं सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. ज्या गडावर चढायला मावळ्यांना घोरपड लागली असं आम्ही गोष्टीत ऐकलं होतं, त्या गडावरून आता 'छायागीत' आपोआप खाली उतरू लागलं. पुणेकरांनी पहिल्याच आठवड्यात मुंबईच्या निवेदकांच्या उच्चारांतल्या चुका काढल्या असं म्हणतात. मी पुण्याचा नसल्यामुळं खात्री देत नाही, पण संशयाला जागा आहे.

आमच्या चाळीत टी.व्ही. आला १९७४ साली, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. त्या खोलीतले काका एका खाजगी कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर होते. चार पायांवर उभं असलेलं ते लाकडी कपाट हमालानं जिन्यावरून वर नेलं तेव्हा सगळी चाळ कठड्याला टेकून उभी होती. वरात आल्यासारखीच! फक्त नवरी कशी दिसते हे कळायला कपाटाची सरकती दारं उघडायची होती. दारांना कुलूप होतं, कपाटावर क्रोशाचा रुमाल होता, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं होती आणि फुलांवर काकूंची नजर होती. टी.व्ही. बघायला त्या काळी परवाना लागे. वर्षाला पन्नास रुपये पोस्टात भरायचे आणि पुस्तकात शिक्का मारून आणायचा. हा परवाना ऐंशीच्या दशकाच्या मध्याला रद्द झाला. काकांनी मात्र ते पुस्तक शेवटपर्यंत रेशनकार्डाच्या शेजारी जपून ठेवलं होतं.

शाळा चालू असताना आमच्या वाट्याला येई तो गुरुवारचा 'छायागीत' आणि शनिवार-रविवारचा सिनेमा. शनिवारी मराठी, रविवारी हिंदी. बाकीच्या दिवशी पाढे. पण वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की घरादाराचे कायदे सैल होत आणि रोज संध्याकाळी कोपऱ्यातल्या खोलीकडे जायची मुभा मिळे. म्हणून माझ्या डोक्यात टी.व्ही. आणि उन्हाळा यांची जी गाठ बसली आहे ती अजून सुटत नाही. आजही कुठं बातम्यांची जुनी धून ऐकू आली की मला कैरीच्या तक्कूचा वास येतो.

आता या उन्हाळ्याचं शास्त्र सांगतो. मे महिन्यात चाळीच्या गच्चीवर दोन गोष्टी उन्हात असत: समस्त बायकांच्या कुरडया-पापड, आणि काकांची अँटेना. कावळे अँटेनेवर बसत आणि तिथून कुरडयांवर सूर मारत. कावळे हाकलायला आम्हां पोरांची नेमणूक असे. पण कावळा हाकलताना काठी अँटेनेला लागली की संध्याकाळी चित्र हलायचं. मग एक मुलगा गच्चीवर, एक जिन्यात, एक गॅलरीत आणि एक टी.व्ही.समोर अशी साखळी उभी राही.

"दिसलं का?" गच्चीवरून विचारणा.

"मुंग्या!" खोलीतून उत्तर.

"आता?"

"दोन दिसतायत!"

हे दोन दिसणं हा आमच्या चाळीला मिळालेला भूगोलाचा प्रसाद होता. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर सरळ आमच्याकडे यायची, आणि तीच लहर वाटेत कुठल्या तरी उंच इमारतीवर आपटून क्षणभर उशिरा पुन्हा यायची. त्यामुळं पडद्यावरच्या प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचा एक फिकट जुळा भाऊ उभा असे. दुरुस्तीवाला त्याला 'घोस्ट' म्हणे. आम्ही कित्येक सिनेमे असे दोन-दोन नायकांचे बघितले. जुळ्या भावांची अदलाबदल होते असा एक सिनेमा लागला, तेव्हा तर पडद्यावर एकूण चार जण होते आणि कोण कुणाचा भाऊ हे शेवटपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी सगळ्या मुंबईचे पंखे एकदम फिरू लागले की विजेचा दाब उतरे आणि चित्र चारी बाजूंनी आकसायला लागे. काका उठून स्टॅबिलायझर नावाच्या पेटीवर थाप मारत. चित्र दचकून पुन्हा मोठं होई. कधी कधी वीज ठीक असे, अँटेना ठीक असे, पण मुंबई केंद्रालाच काही तरी होई. मग पडद्यावर पाटी येई: 'व्यत्यय'. इतका शुद्ध, इतका जोडाक्षरी शब्द आम्ही सहा-सात वर्षांची पोरं न चुकता वाचायला आणि लिहायला शिकलो ते केवळ दूरदर्शनमुळं. पुढे शाळेत बाईंनी व्यत्ययचा अर्थ विचारला तेव्हा आमच्या चाळीतल्या एकानं उभं राहून सांगितलं होतं, "बाई, व्यत्यय म्हणजे पाणी पिऊन यायची वेळ."

जागा पकडायची म्हणजे सिनेमाच्या किंवा नाटकाच्या आधी तासभर जाऊन बसावं लागे, आणि त्या तासात जे लागेल ते बघावं लागे. लागे ते बहुधा 'आमची माती, आमची माणसं'. त्यामुळं गिरगावात अशी एक पिढी तयार झाली की जिच्या मालकीची एकूण जमीन म्हणजे डालडाच्या डब्यातली तुळस, पण जिला भातावरचा खोडकिडा आणि कपाशीवरची बोंडअळी यांचा बंदोबस्त तोंडपाठ होता. 'कामगार विश्व' बघून आम्ही बोनसच्या प्रश्नावरही मत देत असू. 'किलबिल' आणि 'संताकुकडी' हे आमच्यासाठी असत, पण ते म्हातारी माणसंच जास्त आवडीनं बघत. 'गजरा' लागला की मोठी माणसं हसत, मग आम्ही हसत असू, आणि आम्ही का हसलो म्हणून ती पुन्हा हसत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. त्या दिवसांत आमच्या चाळीत कुठल्याही दोन माणसांना, एक किडकिडीत आणि एक दांडगा असे शेजारी शेजारी उभं राहायची चोरी झाली होती.

आणि बातम्या! सुरुवातीच्या वर्षांत स्मिता पाटील बातम्या वाचत, भक्ती बर्वे वाचत. पुढे प्रदीप भिड्यांचा आवाज घरोघर झाला. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, बातम्यांना सगळ्यांत पुढे बसे. पडद्यावरच्या बाईनं "नमस्कार" म्हटलं की आजी हात जोडून उठता उठता बसे, आणि मी बनियनवर असलो की मला हाकलून सदरा घालून यायला लावी. "अगं आजी, तिला आपण दिसत नाही," मी सांगे. "तिला नाही दिसत," आजी म्हणे, "पण मला दिसतंय ना, तू तिच्यासमोर कसा बसलायस ते!" याला उत्तर नव्हतं. अजूनही सापडलेलं नाही.

१ एप्रिल १९७६ ला टी.व्ही.नं आकाशवाणीपासून फारकत घेतली आणि 'दूरदर्शन' असं वेगळं बिऱ्हाड थाटलं. फिरत फिरत येऊन डोळ्यासारखं स्थिरावणारं ते बोधचिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या एका विद्यार्थ्यानं काढलेलं. आम्ही ते चिन्ह भिंतीवर कोळशानं काढायचा प्रयत्न केला. ते डोळ्यासारखं न दिसता उघड्या तोंडासारखं दिसलं, आणि घरमालकानं चुन्याचे पैसे मागितले.

मेच्या पंधरा तारखेच्या सुमारास आम्हांला यष्टीत कोंबून आजोळी, रत्नागिरीकडे पाठवत. तिथं आंबे होते, काजू होते, समुद्र होता, विहीर होती, आणि टी.व्ही. नव्हता. कोकणातल्या आमच्या मामेभावंडांना पुढची कित्येक वर्षं सिनेमा म्हणजे गणपतीत ताणलेला पांढरा पडदा एवढंच ठाऊक. रात्री कंदिलाच्या उजेडात अंगणात बसून आम्ही त्यांना मुंबईत पाहिलेले सिनेमे सांगत असू. एका सिनेमाला दहा काजूबिया असा दर होता, गाण्यांसकट बारा. त्यांतला एक मामेभाऊ फार चौकस. एकदा त्यानं विचारलं, "नायकाचा बाप मेला म्हणतोस, मग लग्नात आलेला तो कोण?" मी म्हटलं, "तो घोस्ट." त्या रात्री सगळी पोरं मामीच्या कुशीत झोपली आणि माझ्या काजूबिया जप्त झाल्या.

आता जे सांगायचं आहे ते १९७८ च्या मे महिन्यातलं.

रविवार होता. एक जुना सामाजिक सिनेमा लागणार होता. त्याचं नाव मी सांगत नाही, का ते पुढे कळेल. मी पाच वाजताच तोंडबिंड धुऊन, चड्डीत सदरा खोचून, कोपऱ्यातल्या खोलीशी गेलो तर दार बंद. त्या दाराला बंद व्हायची सवयच नव्हती. मी थोडा वेळ उभा राहिलो. आतून टी.व्ही.चा आवाज येत होता. शीर्षकं सुरू झाली होती, हे संगीतावरून कळत होतं. मी कडी वाजवली. काकूंनी बोटभर दार उघडलं, म्हणाल्या, "आज नाही हो बाळ," आणि लावून घेतलं. आणखी चार-पाच पोरं आली, उभी राहिली, गेली. मी राहिलो. गॅलरीकडची खिडकी अर्धी उघडी होती आणि पडद्याच्या फटीतून टी.व्ही.ची उजवी बाजू दिसत होती. बारा वर्षांच्या मुलाला उजव्या बाजूवरून डावीकडची गोष्ट ओळखता येते. मी चवड्यांवर उभा राहून बघू लागलो. नायिका डावीकडे गेली की मी तिची वाट पाहत थांबत असे.

खांद्यावर हात पडला. बाबा होते. बाजारातून आले होते, हातात पिशवी होती. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, माझ्या चवड्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बाबांनी पिशवी घरात ठेवली, चपला न काढताच परत आले आणि म्हणाले, "चल, चौपाटीवर जाऊ."

वाटेत ते काही बोलले नाहीत. वाळूत बसल्यावर म्हणाले, "कुठला होता सिनेमा?" मी नाव सांगितलं. "हात्तिच्या! तो होय? तो मी लग्नाआधी तीनदा पाहिलाय. ऐक." आणि बाबांनी सिनेमा सांगायला सुरुवात केली. माझे बाबा एका कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या तोंडून 'पंखा बंद कर' आणि 'प्रगतिपुस्तक आण' यांपलीकडे सलग वाक्य मी फारसं ऐकलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते दोन तास बोलत होते. नायक गिरणीत होता, त्याला एक आंधळी बहीण होती, एक प्रामाणिक घोडा होता, खोटा मृत्युपत्राचा कागद होता, वादळ होतं, आगगाडी होती. घोडा आगगाडीच्या पुढे धावत जाऊन झेंडा दाखवतो तिथं मी रडलो. मधे बाबांनी भेळ घेतली आणि म्हणाले, "मध्यंतर." परत येताना अंधार पडला होता. चाळीच्या जिन्याशी ते थांबले आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या खिडकीतून बघू नये." बस्, एवढंच. ना आवाज चढला, ना पुढे कधी त्यांनी तो विषय काढला.

मी त्यानंतर कोपऱ्यातल्या खोलीत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी दार नेहमीसारखं उघडं होतं, काकूंनी हाकही मारली, पण मी गेलो नाही. माझी भिंतीकडून तिसरी, पुढून दुसरी जागा कुणी घेतली हेसुद्धा मी बघितलं नाही. आमच्या आईचं आणि काकूंचं बोलणं वाटी-दोन वाटी साखरेपुरतं उरलं. सुवर्णयुग असं संपलं.

चार वर्षांनी, १९८२ च्या पाडव्याला, बाबांनी हप्त्यांवर टी.व्ही. घेतला. काळापांढरा. तीन वर्षांचे हप्ते. दुकानदारानं हात जोडून सांगितलं, "साहेब, बारा वर्षं बघायला नको." त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झालं, राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या एशियाडचा हत्ती, अप्पू, लोकांच्या घरी रंगीत नाचू लागला. आमच्याकडे तो करडा होता. "हत्ती करडाच असतो," बाबा म्हणाले. मग त्यांनी दादरहून टी.व्ही.वर लावायचा तीन रंगांचा प्लॅस्टिकचा कागद आणला: वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा. समुद्रकिनाऱ्याच्या दृश्यासाठी तो उत्तम होता. बातम्यांत मात्र निवेदिकेचे केस निळे, तोंड तापानं फुललेलं आणि छातीपासून खाली शेवाळ अशी अवस्था होई. आजीनं त्या बाईंची फार काळजी केली.

पण मला खरं आठवतं ते वेगळंच. टी.व्ही. आला त्या पहिल्या संध्याकाळी बाबांनी दाराची दोन्ही पाखं उघडली, ती मागं भिंतीला टेकवली आणि मधे पाटा लावून ठेवला, वाऱ्यानंसुद्धा लागू नयेत म्हणून. चाळीतली झाडून सगळी पोरं आत आली. बाबांना बसायला जागा उरली नाही. ते गॅलरीत खुर्ची टाकून, दाराच्या चौकटीतून, पोरांच्या डोक्यांवरून टी.व्ही. बघत बसले. पुढची कित्येक वर्षं त्यांची जागा तीच राहिली. स्वतःच्या घरचा टी.व्ही. बाहेरून बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

१९८५ च्या मे महिन्यात तो सिनेमा पुन्हा लागला, तोच, चौपाटीचा. मी तेव्हा कॉलेजात होतो. मी बघायला बसलो. नायक वकील होता. बहीण नव्हती. मृत्युपत्र नव्हतं. मी शेवटपर्यंत घोड्याची वाट बघितली. सबंध सिनेमात टांग्याचासुद्धा घोडा नव्हता. मी मागं वळून गॅलरीकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते.

"बाबा, घोडा कुठाय?"

"कापला असेल," बाबा म्हणाले. "हल्ली टी.व्ही.वर फार कापतात."

मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण माझा बरा होता की नाही?"

होता. शंकाच नाही.

तोवर अर्वाचीन काळ येऊन ठेपला होता. १९८३ च्या ऑगस्टात इन्सॅट-१बी आकाशात गेला, आणि पुढच्या वर्षी देशभर जवळजवळ दिवसाला एक या वेगानं लहान प्रक्षेपक उभे राहिले. आमच्या आजोळच्या अंगणातही अँटेना आली आणि काजूबियांचा व्यवहार कायमचा बुडाला. जुलै १९८४ ला 'हमलोग' सुरू झालं आणि दीड वर्ष चाललं. १९८६ चा उन्हाळा तर विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. १८ एप्रिलला शारजात मियाँदादनं शेवटच्या चेंडूवर षटकार मारला आणि अख्ख्या चाळीत कुणी कुणाशी बोललं नाही. ज्यांच्याशी आमचं आधीच बोलणं नव्हतं, तेवढेच त्या रात्री बरे वाटले. मग जूनमध्ये मेक्सिकोचा विश्वचषक आला. तिथं दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. फुटबॉलला ऑफसाइड का म्हणतात हे ज्याला ठाऊक नव्हतं अशी सगळी चाळ मॅराडोनासाठी जागत बसे, आणि शाळा उघडल्या तरी पोरं पहिल्या तासाला पेंगत.

आणि २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी 'रामायण' आलं. सकाळी साडेनऊ. रस्ते ओस पडत असं लोक सांगतात ते खरं आहे. मी दूध आणायला गेलो होतो, दूध देणारा भय्याच आमच्या घरात बसला होता. आई टी.व्ही.ला हळदकुंकू लावी. एका रविवारी दारात काकू उभ्या दिसल्या, कोपऱ्यातल्या खोलीच्या. त्यांच्या त्या चार पायांच्या कपाटाची पिक्चर ट्यूब गेली होती. मागं काका. दोघंही उंबऱ्याबाहेर. चाळीस माणसं आत, आणि कुणी काही बोलेना.

बाबा गॅलरीतल्या आपल्या खुर्चीवरून उठले, ती खुर्ची उचलून पोरांच्या डोक्यांवरून आत नेली आणि टी.व्ही.समोर सगळ्यांत पुढे ठेवली. "बसा वहिनी," म्हणाले. "उशीर केलात. विश्वामित्र येऊन बसलेत."

वनवास सुरू व्हायच्या सुमारास काकूंनी एकदा पोहे खाता खाता आईला सांगितलं, "तुम्हांला म्हणून सांगते हो, तेव्हा एका रविवारी आमच्याकडे थोरलीला बघायला यायचे होते. खोलीत वीस पोरं असती तर काय म्हणाले असते? म्हणून दार लावलं. टी.व्ही. आम्ही लावणारच नव्हतो. पण मुलाच्या आईनंच विचारलं, 'तुमच्याकडे टी.व्ही. आहे म्हणे?' आणि बाई जी सिनेमाला बसली ती संपेपर्यंत उठली नाही. थोरलीकडे बघितलंसुद्धा नाही. पोहे खाल्लेन्, सिनेमा बघितलान् आणि दोन दिवसांनी नकार कळवलान्."

आईनं बाबांकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा बराच वेळ पोह्यांतलं खोबरं बोटानं एका बाजूला करत होते.

"म्हणजे," बाबा म्हणाले, "ते तीन वर्षांचे हप्ते मी उगाचच भरले म्हणायचे!"

काका-काकूंना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. आम्ही हसलो. खूप हसलो. नऊ वर्षांचं हसू साठलेलं होतं.

पुढचा इतिहास तुम्हांला ठाऊक आहे. दूरदर्शन मुंबईत आल्याला बरोबर वीस वर्षं होत असताना, २ ऑक्टोबर १९९२ ला, झी टी.व्ही. सुरू झाला, केबलवाला वायरीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन घरोघर फिरू लागला, आणि प्रत्येक खोलीत वेगळं काही तरी दिसायला लागलं. दुसऱ्याकडे बघायला जाण्याचं कारण उरलं नाही. दारं लागली. वाईट कुणीच वागलं नाही. फक्त आत काय चाललंय ते बाहेर कळेना. आम्हीही उपनगरात ब्लॉकमध्ये आलो. काका गेले, काकू गेल्या, आजी त्याआधीच गेली, आणि २०११ साली आई.

मग २०२० चा उन्हाळा आला. सगळा देश घरात कोंडलेला, आणि २८ मार्चपासून दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. बाबा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे. पहिल्या दिवशी नऊला पाच कमी असताना ते काठी टेकत उठले आणि त्यांनी ब्लॉकचं दार उघडून ठेवलं. बायकोनं ते लावलं. त्यांनी उघडलं. तिनं लावलं.

"बाबा, दार उघडायचं नाही म्हणून सांगितलंय ना? कुणी येणार नाहीये."

"येणार नाही हे मलाही कळतं," बाबा म्हणाले. "पण रामायण लागायचंय. लावलेलं बरं दिसत नाही."

शेवटी तोड निघाली: लाकडी दार उघडं, जाळीचं बंद. तिसऱ्या दिवशी समोरच्या ब्लॉकचंही लाकडी दार उघडलं. तिथं एक आजी एकट्या राहतात. त्यांचा मुलगा पुण्यात अडकलेला, टी.व्ही.चा रिचार्ज तोच भरत असे, आणि तो संपला होता. त्यांनी आपल्या जाळीच्या आत खुर्ची ओढली. आमच्यात आणि त्यांच्यात दोन जाळ्या आणि सात-आठ फुटांचा जिना. मी टी.व्ही.चं तोंड दाराकडे वळवलं. आम्हांला त्याची फक्त उजवी बाजू दिसू लागली. मला त्याची सवय आहे.

बाबांनी काठीनं जाळी ठोठावली आणि जुन्या चाळीतल्या आवाजात ओरडून विचारलं, "दिसतंय का?"

आजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळेबंदीमुळं पुढे गेलेलं होतं.

"दोन-दोन दिसतायत!" त्या पलीकडून ओरडल्या.

"मग बरोबर आहे," बाबा म्हणाले, आणि समाधानानं खुर्चीत मागं रेलले.